अमुकचीवाट डॉट इन

गेल्या रविवारी सोसायटीच्या वार्षिक सभेची विषयपत्रिका दाराखालून आत आली. पहिले चार विषय नेहमीचे, पाचवा टँकरचा, सहावा कुत्र्यांचा. आणि सातवा असा: ‘सदनिका क्र. बी-६०४ यांच्या मालकीच्या वेबसाइटमुळे संस्थेतील सदनिकांच्या बाजारभावावर होणाऱ्या परिणामाबाबत विचारविनिमय करणे व योग्य तो निर्णय घेणे.’

बी-६०४ म्हणजे मी. सदनिकेच्या मालकीची वेबसाइट कशी असते, हे एकदा सेक्रेटरींना विचारायचं आहे.

याच वेबसाइटवरून २०१८ साली मला बिल्डरची नोटीस आली होती. आता शेजाऱ्यांची येणार असं दिसतंय. सभेत दोन मिनिटांपेक्षा जास्त कुणी बोलू देत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवते.

आधी नाव. बिल्डरचं नाव मी इथे लिहिणार नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. प्रकल्पाचं नाव म्हणजे एक इंग्रजी फूल आणि त्याच्या शेपटीला एक इटालियन शब्द. पुण्याच्या पश्चिमेला डोंगर पोखरून जे काही उभं राहतं त्याला असलंच नाव असतं. पूर्वी वाड्याला आडनाव पुरायचं. तर आपण त्याला ‘अमुक’ म्हणू. अमुकमध्ये आम्ही २०१३च्या दसऱ्याला फ्लॅट बुक केला, ४१ लाखांना. ताबा डिसेंबर २०१६. आणि २०१८चा पावसाळा आला तेव्हा बी विंगचा सहावा मजला म्हणजे चार खांब आणि त्यातून वर आलेल्या गंजक्या सळया. मी सहकारी बँकेत हिशेबाच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली, त्यामुळे आकडे डोक्यातून जात नाहीत. भाडं १४,५००, हप्ता २६,८००. दोन्ही महिन्याच्या पाच तारखेला.

माझा भाचा वेबसाइटी करून देतो. दुकानदारांच्या, क्लासेसच्या, एका मंगल कार्यालयाची पण केली आहे. मी तेव्हा फेसबुकवर त्रागा करायचे. तो एकदा जेवायला आला असताना म्हणाला, “मावशी, तू तिथे लिहितेस आणि त्यांची पोरं रिपोर्ट करून उडवतात. स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता, घे ना. डॉट कॉम त्यांचं आहे, पण डॉट इन मोकळं पडलंय. घेतलंच नाहीये येड्यांनी!”

वरण-भात गार होईपर्यंत त्यानं फोनवरच दोन नावं घेतली. एक नुसतं अमुक डॉट इन. दुसरं मी सुचवलं ते: अमुकचीवाट डॉट इन. रोमन अक्षरांत अर्थात, शेवटी व्ही, ए, ए, टी.

मराठी माणसाला हे उलगडून सांगायला नको. वाट पाहतोय. वाट लागली. वाटेला लावलं. तिन्ही अर्थ मला हवे होते. कोणता खरा असं कुणी विचारलं असतं तर तारीख बघून उत्तर दिलं असतं. पाच तारखेला नक्कीच दुसरा. देवनागरीत डॉट भारत हे शेपूट २०१४पासून मिळतं, त्यात मराठी चालतं, आणि तसं घेतलं असतं तर पुढचा निम्मा घोळ झाला नसता. पण ज्यांच्यासाठी हे करायचं होतं ते सगळे मोबाइलवर रोमन टाइप करणारे. आमच्याच बँकेतल्या एकाला पत्ता दिला तर तो म्हणाला, “मॅडम, व्हॅट कधीच गेला ना, आता जीएसटी.”

साइटवर काय होतं? दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच जागी उभं राहून काढलेला एक फोटो. बिल्डरची पैशांची मागणीपत्रं, तारखेसकट. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, नोंदणीत प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख किती वेळा पुढे सरकली त्याचा तक्ता. आणि एकेचाळीस कुटुंबांची यादी, नावाशिवाय, फक्त बुकिंगचं वर्ष आणि भरलेली रक्कम. शिवीगाळ नव्हती. विशेषणं तर मी भाच्याला वापरूच दिली नाहीत. आकड्यांशेजारी विशेषण ठेवलं की आकडा लंगडा होतो. खाली तळाशी मात्र त्यानं स्वतःची ओळ टाकली होती: ‘वेबसाइट बनवून मिळेल’, आणि त्याचा नंबर. ती ओळ लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती चूक होती. नुसतं अमुक डॉट इन टाइप केलं की माणूस आपोआप आमच्या वाटेवर येऊन पडायचा. म्हणजे कुणी बिल्डरचीच साइट शोधत असेल, फ्लॅट बघायचा म्हणून, तर त्याच्यासमोर गंजक्या सळया. आम्हाला तेव्हा ते फार भारी वाटलं होतं.

दोन महिन्यांनी नोटीस आली. दिल्लीच्या वकिलांकडून, नऊ पानी, दोन प्रती. ‘अमुक’ हा नोंदणीकृत ट्रेडमार्क, वर्ग ३६ आणि ३७, म्हणजे स्थावर मालमत्ता आणि बांधकाम. सात दिवसांत दोन्ही डोमेन आमच्या अशिलाच्या नावे करा, साइट बंद करा, बिनशर्त माफी मागा, आणि नुकसानभरपाई म्हणून पन्नास लाख रुपये द्या. मी पहिल्यांदा हिशेबच केला. ज्या फ्लॅटचे मी ४१ लाख द्यायचे होते, त्या फ्लॅटचा नुसता फोटो लावल्याबद्दल ५० लाख. म्हणजे फोटो वस्तूपेक्षा नऊ लाखांनी महाग.

हसू आलं ते दहा मिनिटं. मग पोटात गोळा आला. आमचे हे म्हणाले, “काढून टाक ना, कशाला?” नोटिसा पाठवणाऱ्यांना नेमकी हीच दहा मिनिटांनंतरची वेळ माहीत असते.

आम्ही तेव्हा कोथरूडला भाड्यानं राहायचो. वरच्या मजल्यावर शिवाजीनगर कोर्टात चाळीस वर्षं वकिली करून निवृत्त झालेले एक काका होते. मी नोटीस घेऊन गेले. त्यांनी लाल पेन्सिल काढली, चष्मा कपाळावर ढकलला आणि अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, “वहिनी, अकरावा परिच्छेद वाचा. यात म्हणतात की ‘चीवाट’ हे निरर्थक शेपूट आहे, त्यानं नाव काही वेगळं होत नाही. आता चौदावा वाचा. यात म्हणतात की ‘चीवाट’मुळे आमच्या अशिलाची बदनामी झाली. निरर्थक शब्दानं बदनामी कशी होते हो?”

नोटिशीतली ही गंमत मला नंतर समजली, आणि ती निव्वळ निष्काळजीपणाची नव्हती. या तंट्यांमध्ये एक ठरलेली चाल असते. दुसऱ्याच्या ब्रँडला ‘ऑनलाइन’, ‘शॉप’, ‘इंडिया’ असलं काही जोडून कुणी डोमेन घेतलं, तर कंपनी म्हणते की ते शेपूट बिनकामाचं, माणूस आमचंच नाव वाचणार. हे बहुतेक वेळा बरोबरही असतं. दिल्ली उच्च न्यायालयात १९९९ साली याहूनं याहूइंडिया डॉट कॉमवाल्याला असंच थांबवलं. त्याच वर्षी आपल्या मुंबई उच्च न्यायालयात रेडिफ या पोर्टलनं रॅडिफवाल्याला अडवलं, तिथे तर शेपूटही नव्हतं, एका स्वराचा फरक. लोक रेडिफ शोधत येतील आणि आपल्या दुकानात शिरतील, एवढाच त्या रॅडिफचा धंदा. जागतिक पातळीवर डोमेनच्या तंट्यांसाठी जी नियमावली १९९९मध्ये झाली (तिच्यात कोर्टाऐवजी लवाद निकाल देतो), तिच्याखालचा पहिला निकालही असलाच, जानेवारी २००० मधला: एकानं कुस्तीवाल्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचं नाव शंभर डॉलरला घेतलं आणि त्यांनाच हजार डॉलरला विकायला निघाला. दहापट. नाव गेलं त्याच्या हातून. अशा माणसांसाठी माझ्याकडे काही सहानुभूती नाही.

पण शेपटातच सगळा अर्थ असेल तर? अमेरिकेत कंपनीच्या नावाला ‘सक्स’ जोडून तक्रारीच्या साइटी काढायची जुनी पद्धत आहे. सक्स म्हणजे भिकार, टाकाऊ, आपल्या भाषेत ‘हाय हाय’च म्हणा ना. आता वॉलमार्ट हाय हाय असं लिहिलेली पाटी वॉलमार्टनंच लावली, असं कोण समजेल? पण लवाद समजले! २००० साली वॉलमार्टनं अशा कित्येक नावांवर दावा लावला आणि काही मिळवलीही. त्याच वर्षी दुसऱ्या एका लवादानं वॉलमार्ट-कॅनडा-सक्स हे नाव टीका करणाऱ्याकडेच राहू दिलं. म्हणजे नियम एकच, सुपारी एकच, पण कुणाच्या अडकित्त्यात सापडते त्यावर सगळं.

आणि मग मला विवेंडी युनिव्हर्सलचा २००१चा निकाल सापडला. फ्रेंच कंपनी, तिच्या नावापुढे सक्स. लवादानं बहुमतानं नाव कंपनीला देऊन टाकलं, आणि त्यातलं एक कारण असं, की जगात सगळ्यांना इंग्रजी येत नाही. ज्याला सक्सचा अर्थ माहीत नाही तो नुसतं विवेंडी युनिव्हर्सल वाचेल आणि फसेल. मी हे रात्री साडेअकराला वाचलं आणि एकटीच मोठ्यानं हसले. दिल्लीच्या वकिलांनी आमच्या ‘वाट’चं हेच केलं होतं. ज्याला मराठी येत नाही त्याच्या लेखी तो शब्दच नाही. एवढंच, की अमुकमध्ये फ्लॅट घेणाऱ्या एकेचाळीस कुटुंबांत ‘वाट’ न कळणारं एकही नव्हतं. आमच्यातले एक केरळचे आहेत, त्यांना तर ‘वाट लागली’ हाच आधी शिकलेला मराठी वाक्प्रचार.

शब्दाचा अर्थ कोण वाचतंय त्यावर उलटाही फिरतो. टाटा सन्सनं २०००मध्ये एका अश्लील साइटवर दावा लावला होता. नाव होतं बोडेशस-टाटाज डॉट कॉम. आता टाटाज हा अमेरिकन बोलीतला स्त्रीच्या छातीसाठीचा शब्द आहे, जमशेदजींचा इथे काय संबंध? संबंध नव्हताच, माझ्या मते. तरी नाव टाटांना मिळालं. अकाउंटच्या टेबलावरच्या बाईनं असल्या निकालांचा अभ्यास करावा अशी काही माझी इच्छा नव्हती, पण नोटिशीनं शिक्षणाचा खर्च वाचवला.

सगळ्यात जास्त मी ज्याच्यामागे लागले तो माणूस म्हणजे हँक मिशकॉफ. टेक्ससमध्ये डॅलसजवळ प्लेनो नावाचं गाव आहे, तिथे ‘द शॉप्स ॲट विलो बेंड’ नावाचा मॉल बांधला जात होता. हा वेब डिझायनर, मॉल घराजवळ होतोय म्हणून खूश. त्यानं कौतुकानं मॉलच्या नावाचं डोमेन घेतलं, नकाशा टाकला, कोणती दुकानं येणार ते टाकलं. वर स्पष्ट लिहिलं की ही अधिकृत साइट नाही, आणि अधिकृत साइटची लिंक दिली. तरी मॉलवाल्या टॉबमन कंपनीनं त्याच्यावर दावा ठोकला. मग हा पेटला. त्यानं टॉबमनसक्स आणि त्याच्यासारखी आणखी चार नावं घेतली आणि कंपनीच्या वकिलांशी झालेला सगळा पत्रव्यवहार तिथे जसाच्या तसा छापला. (आमच्या काकांना हे इतकं आवडलं की ते दोन दिवस ‘छापूया का, छापूया का’ करत होते.) खालच्या कोर्टानं दोन्हीकडे मनाई केली. २००३मध्ये सहाव्या सर्किटच्या, म्हणजे तिकडच्या एका विभागाच्या, अपील न्यायालयानं दोन्ही मनाई हुकूम उठवले. निकालात म्हटलंय की पूर्वी माणूस छतावर चढून ओरडायचा, आता ती छपरं म्हणजे डोमेनची नावं; जाहिरातीचा फलक किंवा चर्चमधलं व्यासपीठ जितकं सार्वजनिक बोलणं, तितकंच हे नाव. व्यापारात लोकांची दिशाभूल करत नाही तोवर त्याला ट्रेडमार्कचा कायदा लावता येणार नाही.

पुण्यात पाटी म्हणजे बोलणं असतं हे सांगायला अमेरिकेच्या न्यायाधीशांची गरज नाही, पण त्यांनी सांगितलं तर बरं वाटतं.

मिशकॉफच्या गोष्टीत माझं लक्ष मात्र एका शर्टाच्या दुकानाकडे गेलं. त्याच्या कौतुकवाल्या साइटवर त्याच्या मैत्रिणीच्या शर्टांच्या धंद्याची एक लिंक होती, आणि एक त्याच्या स्वतःच्या कामाची. कंपनीनं बोट ठेवलं ते तिथे: बघा, हा धंदा करतोय. त्यानं त्या लिंक काढून टाकल्या म्हणून पुढचं सोपं झालं. मी भाच्याला रात्रीच फोन केला. “तुझी ती खालची ओळ काढ.” “अगं मावशी, एका ओळीनं काय होतंय?” “दिल्लीच्या नोटिशीत सहावा परिच्छेद तुझ्यावर आहे. काढ.” काढली. त्या एका ओळीतून त्याला एकही गिऱ्हाईक मिळालं नव्हतं, हे त्यानं नंतर कबूल केलं.

आता आमची चूक. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध काम करणारी पेटा ही संस्था तुम्हाला माहीत असेल. १९९५मध्ये एका माणसानं पेटा डॉट ओआरजी हे नाव त्यांच्याआधी घेतलं आणि तिथे साइट काढली, ‘पीपल ईटिंग टेस्टी ॲनिमल्स’. चविष्ट प्राणी खाणारी माणसं. विनोद म्हणून पहिल्या प्रतीचा. पण २००१मध्ये चौथ्या सर्किटच्या न्यायालयात तो हरला, आणि का हरला ते वाचताना मला माझंच नाव दिसायला लागलं. विडंबन म्हणायचं तर एकाच वेळी दोन गोष्टी कळायला हव्यात: हे मूळ आहे, आणि हे मूळ नाही. नुसत्या ‘पेटा डॉट ओआरजी’मधून पहिलीच गोष्ट कळते. दुसरी कळायला दार उघडून आत यावं लागतं. आणि तोवर माणूस आत आलेला असतो.

अमुक डॉट इन म्हणजे हेच होतं. ती आमची पाटी नव्हती, त्यांच्या नावाची पाटी आम्ही आमच्या दाराला लावली होती. माझ्या बँकेच्या नावाचा बोर्ड कुणी शेजारच्या गाळ्यावर लावला असता, तर आत कितीही खरं बोलत असले तरी मी पोलिसांत गेले असते.

माझा हा नियम अगदी घट्ट आहे असं नाही. त्याच चौथ्या सर्किटनं २००५मध्ये, जेरी फॉलवेल या प्रसिद्ध धर्मोपदेशकाच्या नावात एक जादा ‘एल’ घालून घेतलेलं डोमेन टीका करणाऱ्याकडे राहू दिलं. समलैंगिकांबद्दलच्या फॉलवेलच्या मतांवर टीका होती तिथे. सक्स नाही, काही नाही, नुसतं चुकीचं स्पेलिंग, म्हणजे दिसायला आपल्या रॅडिफसारखंच. फरक एवढाच की तिथे काही विकायचं नव्हतं आणि आत गेल्या गेल्या कळत होतं की हे फॉलवेलचं घर नाही. मला तो निकाल आवडतो, पण काकांना विचारलं तर ते म्हणाले, “अमेरिकेत चालेल. इथे ‘किंवा’ आहे.”

ही ‘किंवा’ची भानगड खास आपल्या डॉट इनची आहे. डॉट कॉमवगैरेच्या नियमावलीत कंपनीला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव फसवं साम्य असलेलं आहे, घेणाऱ्याचा त्यावर काही रास्त हक्क नाही, आणि नाव वाईट हेतूनं नोंदवलं ‘आणि’ वाईट हेतूनं वापरलं. डॉट इनची नियमावली २००५ची, बरीचशी तशीच, डॉट इनचा कारभार बघणारी निक्सी ही संस्था लवाद नेमते. पण तिथे नोंदवलं ‘किंवा’ वापरलं. एक उभयान्वयी अव्यय बदललं आणि कंपनीचं निम्मं ओझं उतरलं. नफ्याच्या हेतूशिवाय केलेला रास्त वापर चालतो असं दोन्हीकडे लिहिलंय, त्यावर आमचा सगळा भरवसा. पण रास्त कशाला म्हणायचं ते ठरवणारा लवाद बहुतेक करून कागदं बघूनच निर्णय देतो, साक्षीदार नाही, उलटतपासणी नाही. आणि ती कागदं इंग्रजीत. ज्याच्या डोमेनमध्ये मराठी विनोद आहे त्यानं तो इंग्रजीत समजावून सांगायचा, आणि समजावून सांगितलेला विनोद कसा लागतो ते सगळ्यांना माहीत आहे.

काकांचं उत्तर साडेपाच पानांचं झालं. त्यातलं दीड पान ‘वाट’. मोल्सवर्थच्या कोशातल्या ‘वाट’च्या नोंदीची झेरॉक्स जोडली: रस्ता, मार्ग, वाट पाहणे म्हणजे प्रतीक्षा करणे. आमचे अशील २०१६पासून प्रतीक्षा करत आहेत, सबब हे वर्णन वस्तुनिष्ठ आहे. मी विचारलं, “आणि वाट लागणे?” काका पेन्सिलीला टोक करत म्हणाले, “ते त्यांनी शोधावं. कोश सगळ्यांसाठी खुला आहे.” मला हे जरा लबाडीचं वाटलं, आजही वाटतं. पण सही केली.

उत्तरात त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११चा निकाल घातला होता, टाटा सन्स विरुद्ध ग्रीनपीस. ओडिशातल्या धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका आहे असं म्हणत ग्रीनपीसनं पॅकमॅनसारखा एक ऑनलाइन खेळ काढला होता, ‘टर्टल विरुद्ध टाटा’. कासव पळतंय आणि मागे टाटांचा लोगो लावलेली भुतं. टाटांनी दहा कोटींचा दावा लावला, बदनामी आणि ट्रेडमार्कचा. न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी खेळ थांबवण्याचा अंतरिम हुकूम द्यायला नकार दिला. एखाद्या कंपनीवर टीका करायची तर तिचं चिन्ह दाखवावंच लागतं, आणि ते दाखवणं म्हणजे त्या चिन्हाखाली माल विकणं नव्हे, असा त्यातला मला समजलेला मुद्दा. तो डोमेनचा खटला नव्हता. पण काका म्हणाले, “निकाल आपल्या देशातला आहे, आणि समोर टाटा होते. तुमचा बिल्डर टाटांपेक्षा मोठा आहे का?”

उत्तराच्या शेवटच्या परिच्छेदात आम्ही अमुक डॉट इन सोडायला तयार आहोत असं लिहिलं. यावरून भाच्याशी माझं वाजलं. तो म्हणे, “मावशी, तेच तर चालतं! रोज जे लोक येतात ते त्याच नावावरून येतात.” मी म्हटलं, “म्हणूनच सोडायचं.” तो आठ दिवस बोलला नाही. तिकडचं वळवणं त्याच रात्री बंद केलं, आणि वाटवाल्या साइटच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: ‘ही बिल्डरची वेबसाइट नाही. आम्ही त्यांचे ग्राहक आहोत. त्यांच्या साइटवर जायचं असेल तर इथे दाबा.’ मिशकॉफची नक्कल, शब्दशः.

काकांनी फी घेतली नाही. त्या वर्षीचं त्यांचं इन्कम टॅक्स रिटर्न मी भरून दिलं.

पुढे काय झालं? काहीच नाही, आणि एवढं वाचल्यावर तुम्हाला हे आवडणार नाही. दिल्लीहून अर्ध्या पानाचं आणखी एक पत्र आलं, ‘सर्व हक्क अबाधित ठेवून’ वगैरे. मग गप्प. अमुक डॉट इन आम्ही त्यांना देऊ केलं होतं, पण ते घ्यायला कुणी अर्जच पाठवला नाही. वर्ष संपलं, मी नूतनीकरण केलं नाही, नाव सुटलं. मागच्या महिन्यात सहज टाइप करून पाहिलं. कुणीतरी घेतलंय. पानावर काही नाही, नुसत्या जाहिराती: पुण्यात फ्लॅट, गृहकर्ज, मॉड्युलर किचन. ज्यासाठी तो सगळा कायदा जन्माला आला तो खरा डोमेनदडप्या तिथे आरामात बसलाय, आणि त्याला नऊ पानी नोटीस गेल्याचं काही दिसत नाही.

आम्हाला ताबा मिळाला २०२१च्या नोव्हेंबरात. शेवटचा फोटो मी आतून काढला, सहाव्या मजल्याच्या बाल्कनीतून, नेहमी उभी राहायचे त्या जागेकडे बघत. साइट तशीच ठेवली. त्याच बिल्डरचा पुढचा प्रकल्प चालू आहे, महिन्याला दोन-चार लोक विचारणा करतात, त्यांना मी तक्ता पाठवते.

तर आता विषय क्रमांक सात. सेक्रेटरी परवा लिफ्टमध्ये भेटले. एरवी चांगला माणूस आहे, त्या एकेचाळिसांतलाच, त्याच्या दोन ओळी आजही माझ्या तक्त्यात आहेत. म्हणाले, “ताई, सी विंगमधल्यांचा फ्लॅट विकायचाय. गिऱ्हाईक नाव सर्च करतं, पहिलं तुमचं पान येतं. सहा लाख कमी बोलतंय.” मी म्हटलं, सगळं २०२१च्या आधीचं आहे, तारखा आहेत. ते म्हणाले, “तारखा कोण वाचतं? नाव वाचतात. ‘अमुकची वाट’. आणि ताई, आता ते नाव संस्थेचं आहे. तुम्ही संस्थेचं नाव वापरताय, तेही परवानगीशिवाय.”

सहावा मजला आला म्हणून मी उतरले, पण ते बरोबर बोलत होते. सोसायटीची नोंदणी झाली तेव्हा सगळ्यांनी मिळून तेच नाव ठेवलं, फूल आणि इटालियन शेपूट, पुढे ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’. ठरावाच्या बाजूनं मीही हात वर केला होता. दुसरं काय ठेवणार, रिक्षावाल्यांना तेच माहीत.

संध्याकाळी केवायसीसाठी बँकेत द्यायला म्हणून आधार कार्डाची झेरॉक्स काढली. पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत, माझ्या नावाच्या बरोबर खाली, वर्ग ३६ आणि ३७मधला तो नोंदणीकृत ट्रेडमार्क. सोबत राजमुद्रा आणि माझा फोटो.

डोमेनचं नूतनीकरण सभेच्या तीन दिवस आधी येतं. ८४९ रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी. १,००१ रुपये ८२ पैसे. कालच भरले.